काटा मध्यावर

एम. एस्सी. संख्याशास्त्र. दोन्हीकडे नाव लागलं.
दोन्ही सरकारी, दोन्ही मानाची.
लांजेवार सरांना विचारलं तर त्यांनी मान हलवली,
एकदा पुण्यासाठी, एकदा हैदराबादसाठी,
तीच मान, तेवढीच.

मग मी तक्ता केला. दुसरं काय येतं मला?
फी, वसतिगृह, ग्रंथालय रात्री कितीपर्यंत उघडं,
गाडीचे तास.
हडपसरला मावशी आहे, अधिक चार.
मावशीचा स्वभाव, उणे दोन.
तेलुगू येत नाही, उणे तीन;
पण तिथे कोणी विचारणार नाही
"तुमची मराठी अशी कशी?" अधिक तीन.
बेरीज आली एकाहत्तर.
दुसरीकडचीही एकाहत्तर.
भार बदलले, पाण्याचा रकाना वाढवला.
चौसष्ट, चौसष्ट.

निखाडेकाकू म्हणाल्या पुणे. का, तर पुणे.
भाऊ म्हणाला नाणं उडव.
उडवलं, छापा आला,
आणि छापा कोणासाठी ठेवला होता तेच आठवेना.
आठवलं असतं तरी
मी परत उडवलं असतं.

मुदत रात्री बाराची.
जुलै लागला तरी पारडीत आमचा कूलर चालूच,
खिडकीबाहेर पंप गुरगुरतो
आणि आई दर दहा मिनिटांनी
काहीतरी न्यायला म्हणून खोलीत येते.

साडेदहाला बाबा आले.
ते यायच्या आधी ठसका येतो, मग ते.
कळमन्याच्या बाजारात मापारी,
मिरचीत एकोणतीस वर्षं.
मोरीत बसून हातांना गोडेतेल चोळलं,
आणि हात अंगापासून दूर धरून, ओले असल्यासारखे,
माझ्या मागे उभे राहिले.
स्क्रीनला बोट लावलं नाही.

"म्हंजे काटा मधात आला?"
हो.
"मंग तोलनं झालं नं वं.
दोन्ही पारडे बरोबर आले का माप पुरं होते.
आता कायले पाहात बसली?
उचल, पोत्यात टाक. मांगं गिऱ्हाईक उभं हाय."

आता बाजारात विजेचे काटे आहेत, लाल आकड्यांचे.
तरी बाबा आकडा पाहून झाल्यावर
मूठभर मिरची वरून टाकतात.
व्यापारी ओरडतो. ते टाकतात.
लहानपणी मी विचारायची, ही कोणाला?
"ज्याले घरी न्याचं हाय त्याले."

अकरा चाळीस.
पुण्याचं पान डावीकडे उघडं, हैदराबादचं उजवीकडे.
मी उजव्या हाताची.
एवढंच कारण आहे.
पुढे कोणी विचारलं तर चांगलंसं सांगेन.

पैसे गेले, पावती आली.
आई म्हणाली, तिथे फार तिखट खातात म्हणे.
बाबा दिवसात पहिल्यांदा हसले,
"तिकडचा माल माह्याच हातून जाते."

मग पुणे. प्रवेश रद्द करा.
तिथे मात्र विचारलं, खात्री आहे का?
हैदराबादने विचारलं नव्हतं,
पैसे घेताना कोण विचारतं.
मी अख्खा एक मिनिट बसले,
मावशीच्या गॅलरीतली तुळस आठवत,
जी मी फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिली आहे.

उद्या सकाळी प्रतीक्षायादीतल्या कोणाला तरी निरोप जाईल.
हिंगोलीची असेल, सांगोल्याची असेल.
तिच्या तक्त्यात एकच रकाना.
तिला बेरीज करावी लागणार नाही.
मी तिच्यासाठी काही केलं नाही,
तरी बटण दाबताना
वरून मूठभर टाकल्यासारखं वाटलं.

बाबा अजून तसेच बसलेत,
तेलाचे हात गुडघ्यांवर उताणे ठेवून,
भात कधी वाढतात याची वाट पाहत.